पोलोवाले, फियाटवाले आणि व्हीटेकची पोरं

वेगवान गाड्यांचं वेड असलेली माणसं एकत्र जमली की गाड्यांपेक्षा त्यांच्या मालकांवर जास्त बोलतात. पोलोवाला मागून डिपर मारत येणार. फियाटवाला आधी स्टिअरिंगचे गोडवे गाणार आणि मग हळूच पार्ट कुठे मिळतील ते विचारणार. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचा आवाज दोन चौक आधी येणार. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसवाला पाचव्या मिनिटाला ‘स्टेज वन’वर, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवण्यावर येणार. बीएमडब्ल्यूवाला इंडिकेटर देणार नाही.

पुण्या-मुंबईत हे टोमणे वर्षानुवर्षं चालत आले आहेत, आणि मला ते निव्वळ कुचाळक्या वाटत नाहीत. जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी गाडीतला एखादा भाग असतो आणि सेकंडहँड बाजारातला भाव असतो. भाग मालकाला एका ठरावीक पद्धतीने गाडी चालवायला लावतो. भाव उतरला की गाडी कोणाच्या हातात जाणार ते ठरतं, आणि गाडीला कायमचं नाव पडतं ते बहुतेक वेळा तिच्या तिसऱ्या मालकामुळे.

सुरुवात पोलोपासून करू, कारण ती चाकणची. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पोलो २०१० मध्ये आली आणि २०२२ मध्ये भारतातून गेली. या काळात विकल्या गेलेल्या बहुतेक पोलो साध्या होत्या. सुरुवातीच्या १.२ पेट्रोलला तीन सिलिंडर आणि ७५ पीएसच्या आसपास ताकद. जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, तिला चार सिलिंडर, टर्बो, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. दोघींचा पत्रा मात्र एकच. साहजिकच ‘जीटी’चा बिल्ला विकत आणून साध्या पोलोच्या डिकीवर चिकटवायची साथ पसरली. सिग्नलला शेजारी येऊन गुरगुरणारी आणि हिरवा लागल्यावर मागे राहणारी पोलो अनेकदा ही असते.

खरी-खोटी ओळखायची असेल तर आरसी बघा. साध्या १.२ चं इंजिन ११९८ सीसी, टीएसआयचं ११९७. एका सीसीचा फरक, पण त्यामागे ३० पीएस आणि पूर्ण वेगळं यंत्र आहे. पुढच्या पोलोंमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण बिनटर्बोची १.० एमपीआय आणि २०२० नंतरची १.० टीएसआय, दोन्ही ९९९ सीसीच्या. तिथे गिअरच्या मुठीवर नजर टाकायची. एमपीआयला पाच गिअर, टीएसआय मॅन्युअलला सहा. फियाटमध्येही हेच आहे: साधी १.४ पुंटो आणि टर्बो टी-जेट, दोघींच्या आरसीवर १३६८.

खऱ्या जीटी टीएसआयचा मालक मागून चिकटतो या आरोपात थोडं तथ्य आहे. या इंजिनाचे पूर्ण १७५ न्यूटन-मीटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून ४,१०० पर्यंत सपाट मिळतात. गिअर न बदलता, नुसता पाय दाबून ओव्हरटेक होतो. अशा गाडीत पुढच्याच्या मागे राहून फट शोधायची सवय पटकन लागते, कारण फट मिळाली की गाडी लगेच निघते. साध्या इंजिनाच्या गाडीत ड्रायव्हरला आधी गिअर उतरवावा लागतो, म्हणून तो अंतर राखून तयारी करतो. सवय इंजिनाने लावली हे खरं, पण डिपर मारणारा हात मालकाचाच.

पोलोवाल्यांचा दुसरा शिक्का म्हणजे गिअरबॉक्सची धास्ती, आणि ती शंभर टक्के रास्त आहे. जीटी टीएसआयचा डीएसजी, म्हणजे आपोआप बदलणारा सात गिअरचा गिअरबॉक्स, कोरड्या दुहेरी क्लचचा आहे; त्याचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. एक क्लच १, ३, ५ आणि ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे ताकद वाया जात नाही आणि मायलेज चांगलं मिळतं. पण क्लच घासला की तयार होणारी उष्णता वाहून न्यायलाही तिथे तेल नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत ब्रेकवरचा पाय किंचित सैल करून गाडी सरकवत राहिलात, तर संगणक क्लच अर्धवट पकडून ठेवतो. पाऊण तास तो घासत राहतो. प्लेट चकचकीत होते, आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागते.

दुसरा नाजूक भाग मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हायड्रॉलिक स्नायू एकाच डब्यात. आतला पंप तेलाचा दाब तयार करतो आणि ॲक्युम्युलेटर तो साठवून ठेवतो. ॲक्युम्युलेटर जिथे घट्ट बसतो तिथे ॲल्युमिनियमच्या घराला चीर गेली की दाब टिकत नाही. डिस्प्लेवर पान्याचं चिन्ह येतं, गिअरची अक्षरं लुकलुकतात आणि अर्धे गिअर नाहीसे होतात. रिव्हर्सबरोबर दुसरा आणि चौथाही गेला तर बिघाड सम बाजूचा आहे एवढं घरबसल्या कळतं. फोक्सवॅगनने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात मोठा भाग याच गिअरबॉक्सच्या गाड्यांचा होता. उष्ण-दमट हवेत सतत थांबत-चालत वापरल्यावर सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागांत बिघाड होत होता, म्हणून खनिज तेल घालून दिलं गेलं. उष्ण, दमट आणि थांबत-चालत हे तिन्ही शब्द मुंबईला जसेच्या तसे लागू पडतात.

यावर उपाय आहे, आणि तो ड्रायव्हरच्या पायात आहे. रांगेत पुढच्या गाडीला दीड-दोन गाड्यांएवढं अंतर मिळू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून, हलका ॲक्सिलरेटर देऊन क्लच पूर्ण पकडू द्या, आणि परत पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. रांग अगदीच गोगलगाय झाली तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्याच गिअरवर ठेवा, म्हणजे एक-दोन-एक-दोन असा खेळ थांबतो. मागचे हॉर्न वाजवतील, शेजारचा रिक्षावाला त्या फटीत घुसेल. घुसू द्या. रांगेत अंतर ठेवून शांत बसलेला पोलोवाला दिसला तर त्याला गिअरबॉक्स कळलेला आहे असं समजायला हरकत नाही.

जुनी डीएसजी घ्यायची असेल तर थंड गाडीची चाचणी घेऊन काही कळत नाही. अर्धा तास गर्दीत फिरवा, मग सपाट रस्त्यावर चालीच्या वेगाने सोडा आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना स्टिअरिंगला थरथर येते का ते हाताने जोखा. इमारतीच्या पार्किंगचा उतार मिळाला तर तो रिव्हर्सने चढवा. रिव्हर्सचा क्लच दुसऱ्या गिअरचाच असतो, त्यामुळे कमजोर झाला असेल तर तिथे लपत नाही.

फियाटवाल्यांचा मामला याच्या उलट आहे. त्यांच्याकडे धास्ती यंत्राची नसते, कंपनी निघून गेल्याची असते. अबार्थ पुंटो २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून आली. किंमत ९ लाख ९५ हजार, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क, पाच गिअरची मॅन्युअल. दहा लाखांच्या आत इतकी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ती शून्यावरून शंभरला ८.८ सेकंदांत जायची, जीटी टीएसआय ९.७ सेकंदांत. पोलोवाले सांगायचे की गर्दीत आमची बरी, क्लच दाबावा लागत नाही. फियाटवाले सांगायचे की ताम्हिणी घाटात या.

ताम्हिणीचं आव्हान पोकळ नव्हतं. पुंटोचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं. पुढच्या चाकाखाली खडी आली, पाण्याचा ओघळ आला की ते बोटांना कळतं. वळणात टायर पकड सोडायला लागला की स्टिअरिंग आधी हलकं होतं आणि ड्रायव्हरला सुधारायला क्षणभर मिळतो. पोलोच्या विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये मोटर मदत करते, पण रस्त्याची बारीक खबर बरीचशी गाळून टाकते. माझ्या मते घाटासाठी त्या काळातली दहा लाखांखालची सर्वांत बोलकी गाडी फियाटचीच होती. ज्याला रोज सिंहगड रोडने ऑफिसला जायचं आहे त्याला ही गोष्ट पटणार नाही, आणि पटवायची गरजही नाही.

पण फियाटने बरीच वर्षं विक्री आणि सर्व्हिससाठी टाटांच्या शोरूमचा आधार घेतला, मग स्वतःचं जाळं उभारायला घेतलं, ते पुरतं उभं राहण्याआधीच खप आटला आणि या दशकाच्या आधीच गाड्या बंद झाल्या. तेव्हापासून फियाटवाला म्हणजे पार्ट साठवणारा माणूस. यातही दोन जाती आहेत. १.३ मल्टिजेट डिझेलवाल्याला फार काळजी नाही. तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटांच्या व्हिस्टात होतं, ‘राष्ट्रीय इंजिन’ हे नाव त्याला उगाच पडलं नाही. त्याचे फिल्टर, पंप, इंजेक्टर ओळखणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. टी-जेटवाल्याचं तसं नाही. त्याचं इंजिन भारतात लिनिया टी-जेट, अबार्थ अशा मोजक्याच गाड्यांत. म्हणून टी-जेटवाला टायमिंग बेल्टचा किट, टेन्शनर, वॉटर पंप आणि इंजिन माउंटिंग युरोपातून मागवून कपाटात ठेवतो. लोक त्याला चिक्कू म्हणतात, हळवा म्हणतात. मला तो शहाणा वाटतो. मल्टिजेटला साखळी आहे, टी-जेटला पट्टा. पट्टा तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. आता या गाड्या वर्षाला पाच हजार किलोमीटरही फिरत नाहीत, म्हणून किलोमीटर न मोजता पाच वर्षांनी पट्टा बदला. त्याच मजुरीत वॉटर पंपही बदलून घ्या, नाहीतर तेच काम दोनदा खोलावं लागेल. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल फिरायचं थांबलं की तिथेच करपतं.

व्हीटेकच्या पोरांची गोष्ट सेकंडहँड बाजारातल्या भावाची आहे. शतकाच्या सुरुवातीची दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक १०६ पीएसची होती, टर्बो नाही, वजन कमी. नवीन असताना ती डॉक्टर आणि व्यापाऱ्यांची कुटुंबाची गाडी होती, तिला कोणी उनाड म्हटलं नाही. पंधरा वर्षांनी तीच गाडी कॉलेजच्या मुलांना परवडायला लागली आणि नाव बदललं. आवाजाचं कारण मात्र इंजिनातच आहे. व्हीटेकमध्ये खालच्या फेऱ्यांना कॅमचे सौम्य उंचवटे काम करतात. फेऱ्या चढल्या की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, तेलाचा दाब आत सोडतो, रॉकरमधली पिन सरकते आणि व्हॉल्व उंच कॅमवर चालायला लागतात. म्हणजे मजा वरच्या मजल्यावर आहे, तिथे जायचं तर इंजिन ओरडवावंच लागतं.

त्यात मुलं पहिली चूक सायलेन्सरची करतात. जाड पाइप टाकला म्हणजे ताकद वाढली असं समजतात. इंजिन लहान, पाइप मोठा, त्यामुळे खालच्या फेऱ्यांना वायूचा वेग पडतो आणि आधीच कमी असलेला टॉर्क आणखी कमी होतो. चौकातून उठताना गाडी आळसावते, मग ती भरून काढायला आणखी फेऱ्या, आणखी आवाज, आणि शेवटी पोलिसांची पावती. ज्यांना ही गाडी खरोखर कळली आहे ते सायलेन्सरला हात लावत नाहीत. ते वेळेवर तेल बदलतात, त्याची पातळी दर पंधरवड्याला बघतात आणि व्हीटेक सोलेनॉइडची छोटी जाळी साफ ठेवतात. तेल कमी किंवा घाण असलं की ती पिन सरकतच नाही, आणि मालक समजतो इंजिन म्हातारं झालं.

ऑक्टेव्हिया आरएस ही औरंगाबादकरांच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकरांच्या जिव्हाळ्याची, कारण स्कोडाचा कारखाना तिथला. पहिली आरएस दोन हजारच्या दशकात आली तेव्हा १.८ टर्बोला १५० पीएस होते. युरोपात तीच गाडी १८० पीएसने विकली जायची. रिमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार मालकांच्या डोक्यात तेव्हाच शिरला: कारखान्याने ठेवून घेतलेले ३० पीएस आपण का सोडायचे? २०१७ ची आरएस २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर घेऊन साधारण साडेचोवीस लाखांना आली. २०२० मध्ये आरएस २४५ फक्त २०० गाड्यांपुरती, ३५ लाख ९९ हजारांना.

‘स्टेज वन केली का?’ हा प्रश्न इथे सार्थ आहे, पण तो विचारताना एक घोळ नेहमी होतो. त्याच पिढीच्या ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयला १८० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. ‘इंजिन तेच आहे, रिमॅप केली की आरएस’, असं तिचे मालक म्हणतात. घराणं एक हे खरं. पण १.८ चा टर्बो लहान आहे, आणि तिचा टॉर्क बरोबर २५० वर थांबवण्यामागे कारण आहे. तिचा गिअरबॉक्स तोच कोरड्या क्लचचा डीक्यू२००, आणि त्याची सहनशक्ती तेवढीच. २०१७ च्या आरएसला तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५० होता. म्हणून एकाच्या गाडीत चारशेच्या वरचा टॉर्क वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसऱ्याच्या गाडीत सहा महिन्यांत क्लच घसरायला लागतो.

डीक्यू२५० घेतली तर तिचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदललंच पाहिजे. इथे गॅरेजवाले फार गडबड करतात. खालचा १४ मिलिमीटरचा बोल्ट काढल्यावर थोडं तेल येतं आणि थांबतं. संपलं असं समजून लोक नवीन भरायला घेतात. त्या भोकाच्या आत ८ मिलिमीटरच्या ॲलन-कीने सुटणारी प्लास्टिकची नळी आहे, ती पातळी ठरवते. ती काढली की खरं तेल बाहेर पडतं. फिल्टर बदलायचा, नळी परत लावायची, साधारण पाच-साडेपाच लिटर भरायचं, इंजिन चालू करून गिअरची दांडी सगळ्या जागांवरून फिरवायची. मग कॉम्प्युटरवर तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना नळीतून जादा तेल ठिबकू द्यायचं आणि बोल्ट बंद करायचा. गरम गाडीत पातळी तपासली तर तेल फुगलेलं असतं, जास्त वाहून जातं आणि गाडी कमी तेलावर घरी येते.

रिमॅपबद्दल आणखी दोन गोष्टी मालक बोलायचं टाळतात. पहिली इंधनाची. स्टेज वनचं सॉफ्टवेअर किती ऑक्टेनसाठी लिहिलं आहे ते विचारा. १०० ऑक्टेनसाठी लिहिलेल्या मॅपवर गावी जाताना साधं पेट्रोल भरलं, तर मे महिन्याच्या उन्हात नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातली ठोक ओळखणारा भाग, स्पार्क मागे ओढत राहतो आणि गाडी मूळपेक्षाही सुस्त वाटते. दुसरी कागदपत्रांची. सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला गाडी जोडली की बदललेलं सॉफ्टवेअर पकडलं जातं, गाडीच्या नावापुढे टीडी१ असा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडकते. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी शेरा राहतो. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते. सेकंडहँड आरएस बघताना विकणारा ‘पूर्ण स्टॉक आहे’, म्हणजे काहीच बदललेलं नाही, असं म्हणाला, तर सर्व्हिस सेंटरमधून हा शेरा तपासून घ्या. बॉनेट उघडलंत तर वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या घराखाली गुलाबी वाळलेला डाग शोधा. कुलंट तिथूनच झिरपतं.

राहिला इंडिकेटरचा टोमणा. तो परदेशातून आलेला आहे. दोन हजारच्या दशकातल्या अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये इंडिकेटरची दांडी दाबल्यावर परत मध्ये यायची, अडकून राहायची नाही, त्यामुळे तो चालू आहे की बंद याचा लोकांना पत्ता लागायचा नाही. पण तेवढ्याने तो टोमणा जगभर टिकला नसता. यात भागापेक्षा माणसाचा दोष जास्त आहे, आणि तो कोणत्याही महागड्या गाडीत दिसतो.

आजच्या वादाच्या मध्यभागी आहे बीएमडब्ल्यूची एम३४०आय. ती २०२१ च्या मार्चमध्ये ६२ लाख ९० हजारांना आली, चेन्नईत जोडलेली. सरळ सहा सिलिंडर, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर, चारही चाकांना ताकद, शून्यावरून शंभर ४.४ सेकंदांत. आरएसवाल्यांची बरीच वर्षांची पाटीलकी तिने एका झटक्यात संपवली. आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर असल्याने क्लच घासण्याचा प्रश्नच नाही. सध्या तिचे मालक पहिले-दुसरेच आहेत, गाड्या नीट सांभाळलेल्या आहेत, म्हणून तिला अजून नाव पडलेलं नाही. ते पडेल टायरांवरून, असा माझा अंदाज आहे. चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या ट्रान्स्फर केसमध्ये एक क्लच असतो. पुढच्या आणि मागच्या टायरांचा घेर ठरलेल्या प्रमाणात नसेल तर तो क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. पैसे वाचवणारा मालक फक्त मागचे दोन टायर बदलतो, तेही वेगळ्या कंपनीचे. म्हणून गाडी बघायला गेलात की आधी खाली वाका. चारही टायरांवर कंपनीने मंजूर केल्याची छोटी चांदणी आहे का बघा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. धक्के बसले, अडखळल्यासारखं झालं, तर टायर आणि ट्रान्स्फर केस दोन्हींचा खर्च भावातून वजा करा, आणि विकणारा तयार नसेल तर दुसरी बघा.